बी.कॉम. चालू असतानाच परदेशी बँकिंग-फायनान्सची वाट धरायची तर सुरुवात कुठून? मराठवाड्यातून कोणी गेलंय का?

मांजरा_काठ
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईला बी.कॉम. सेकंड इयरला आहे, विद्यापीठ आपलं बामू. घरी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आन तूर, वडील सीझनला आडतीवर हिशोब लिहायला जातात त्यामुळं आकड्याची गोडी घरातूनच लागली. वर्गातली निम्मी पोरं एमपीएससी नाहीतर पोलीस भरती करायलेत, बाकीचे आयबीपीएस. मला मात्र इन्व्हेस्टमेंट बँक, फंड, रिस्क असल्या कामात जायचंय आन पुढं देशाबाहेर. संभाजीनगरला एका कन्सल्टंटकडं गेलतो, त्यानं बसल्या बसल्या तीन युनिव्हर्सिट्यांची नावं आन चाळीस लाखाचा आकडा सांगितला पण तिथं जाऊन काम नेमकं काय करायचं हे विचारलं तर विषय बदलला. म्हणून इथं विचारायलोय. सीए करू, सीएफए (गुंतवणूक क्षेत्राची जागतिक परीक्षा) करू, का सरळ बाहेर मास्टर्स? इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं, बोलताना अडकतो. पैसा हाताशी नाही असं धरूनच सांगा.

उदगीर_एक्सप्रेस
भौ, आधी आयबीपीएस नाहीतर एसबीआय पीओ काढ. सरकारी बँकांच्या बाहेरदेशात शाखा हायेत, तिकडं पोस्टिंग मिळते. घरच्यांनाबी समाधान आन तुझंबी काम.

निवृत्त_शाखाधिकारी_परभणी
उदगीरकरांचं म्हणणं खरं आहे पण अर्धं. बँक ऑफ बडोदाची शाखा १९५३ सालीच मोंबासा आणि कंपालात उघडली होती, एसबीआयच्या तर कितीतरी देशांत आहेत, आणि अधिकारी इथूनच जातात. पण ते पोस्टिंग काही वर्षं नोकरी झाल्यावर, अंतर्गत निवड होऊन मिळतं आणि ठरावीक मुदतीनंतर परत यावं लागतं. ज्याला घर सांभाळून, कर्ज न काढता बाहेरचा अनुभव घ्यायचाय त्याला ही वाट उत्तमच आहे. ज्याला ट्रेडिंग, फंड, रिस्क यातच उतरायचंय त्यानं मात्र सुरुवातीपासून त्याच कामाच्या जवळ राहावं.

जाता जाता एक सांगतो, कारण मी जुन्या एसबीएचचा, म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबादचा माणूस. आपल्या भागात परकीय चलन ही काही नवलाची गोष्ट नव्हती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, साधारण सात हाली रुपयांना सहा इंग्रजी रुपये असा भाव, त्यामुळं मुंबईशी व्यापार करणारा इथला प्रत्येक व्यापारी विनिमय दराचा हिशोब तोंडी करायचा. आमची बँक १९४१ च्या कायद्यानं हैदराबाद स्टेट बँक म्हणून निघाली तेव्हा तो सिक्का सांभाळणं हेच तिचं मोठं काम होतं. २०१७ साली एसबीआयमध्ये गेली. या मातीतल्या पोरानं लंडनच्या फॉरेक्स (परकीय चलन) डेस्कवर बसावं यात अवघड काहीच नाही.

मांजरा_काठ
सर हे माहीतच नव्हतं. आमच्या आजोबांच्या तोंडी हाली शब्द ऐकलाय, पण चलन वेगळं होतं हे आज कळलं. कर्जाबद्दलपण सांगाल का, जमीन तारण ठेवून किती मिळतं?

निवृत्त_शाखाधिकारी_परभणी
संध्याकाळी सविस्तर लिहितो.

बालाघाटी
मी पाटोदा तालुक्यातला, सध्या लंडनला एका बँकेत फंड ऑपरेशन्समध्ये आहे. बी.कॉम. बीडला केलं, मग पुण्यात नोकरी, मग इकडं. त्यामुळं ही वाट मला माहितीय ती सांगतो, बाकीच्या वाटा बाकीचे सांगतील.

पहिलं म्हणजे "परदेशी बँक" म्हणजे विमानात बसूनच सुरू होते असं डोक्यातून काढ. बार्कलेज, डॉइश बँक, नॉर्दर्न ट्रस्ट, बीएनवाय यांची मोठमोठी ऑफिसं पुण्यात आहेत, गोल्डमन सॅक्स बेंगळुरू-हैदराबादला, जेपी मॉर्गन, एचएसबीसी, स्टेट स्ट्रीट, वेल्स फार्गो हैदराबादला. तिथं बसून लोक न्यूयॉर्क-लंडनचंच काम करतात, पुस्तक तिकडचं, ग्राहक तिकडचा, नियम तिकडचे. आन एक गोष्ट मला कायम खटकते, नांदेड-लातूर-उदगीरची माणसं दवाखान्याला हैदराबादला जातात, लग्नाच्या बस्त्याला जातात, पण नोकरी म्हणलं की पोरं पुण्याच्या पलीकडं बघतच नाहीत.

आता काम काय असतं. ढोबळ तीन भाग धर. फ्रंट ऑफिस म्हणजे ग्राहकाशी व्यवहार करणारे, ट्रेडर, डील करणारे. मिडल ऑफिस म्हणजे रिस्क, नफा-तोट्याची तपासणी. बॅक ऑफिस म्हणजे व्यवहार पूर्ण करणारे, सेटलमेंट (पैसे-शेअरची देवाणघेवाण), रिकन्सिलिएशन (दोन्हीकडच्या नोंदी जुळवणं), केवायसी. आपल्या पोरांना बहुतेक वेळा शेवटच्या भागातून दार उघडतं आन लोक त्याला नाक मुरडतात, ते चूक आहे.

एक नमुना देतो. सकाळी रिपोर्ट येतो, आपल्या वहीत एका कंपनीचे १०,००० शेअर, कस्टोडियन (फंडाचे शेअर सांभाळणाऱ्या) बँकेच्या वहीत २०,०००. याला आम्ही ब्रेक म्हणतो. नवीन पोरगा घाबरून मेल टाकत बसतो. शिकलेला पोरगा आधी बघतो की कंपनीनं शेअर स्प्लिट केलाय का, म्हणजे एका शेअरचे दोन, एक्स-डेट (तो लागू व्हायची तारीख) कोणती, आपल्या सिस्टीममध्ये ती कॉर्पोरेट ॲक्शन (कंपनीनं शेअरबाबत केलेला बदल) पडली का. पडली नसेल तर फंडाची त्या दिवशीची एनएव्ही (एका युनिटची किंमत) चुकीची जाणार, म्हणजे तिकडं कोणाच्या तरी पेन्शनचा हिशोब चुकणार. हे संध्याकाळच्या आत सुटलं पाहिजे. भारतात जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी प्लस वनवर आले, अमेरिका २८ मे २०२४ ला आली, म्हणजे सौदा झाला की दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे आन शेअर हातात. आधी चूक सुधारायला दोन दिवस मिळायचे, आता रात्रीतच. युरोप आन ब्रिटनची तारीख ११ ऑक्टोबर २०२७ ठरलीय, त्यामुळं इथं सगळ्या बँका आत्ता त्याच तयारीत आहेत, आन टी प्लस वन आधीच करून बसलेल्या भारतातल्या माणसाचं म्हणणं मीटिंगमध्ये कान देऊन ऐकतात.

दोन-तीन वर्षं असं काम नीट केलं की मग बाहेरच्या टीमला तू नावानं माहीत होतोस. मग जागा निघाली की अंतर्गत अर्ज. ब्रिटनला बदलीचा एक वेगळा व्हिसा आहे, ग्लोबल बिझनेस मोबिलिटी, त्याला पगाराची अट आता ५२,५०० पौंड आहे आन त्यावरून थेट कायमचं राहणं मिळत नाही. म्हणून मी स्किल्ड वर्कर या नोकरीच्या नेहमीच्या व्हिसावरची जागा मिळेपर्यंत थांबलो. कर्ज एक रुपयाचं नाही. माझं म्हणणं एवढंच हाय की आधी काम हाती घे, देश नंतर. ज्याच्या हातात काम आहे त्याला व्हिसा देणारा मालक सापडतो, नुसती डिग्री घेऊन उभ्या पोराला शोधत फिरावं लागतं.

औंढ्याची_लेक
दादा, शिफ्ट कशा असतात? मी हिंगोलीला बी.कॉम. शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याला नोकरी म्हणलं तर घरचे हो म्हणतील पण रात्रपाळी म्हणलं की विषयच संपतो.

बालाघाटी
ताई, ब्रिटनच्या कामाला साधारण दुपारी सुरू होऊन रात्री दहा-अकरापर्यंत, अमेरिकेच्या कामाला त्याच्याही पुढं. ऑस्ट्रेलिया-सिंगापूरचं काम असेल तर पहाटे लवकर सुरू आन दुपारी मोकळं, मुलाखतीत कोणत्या रिजनची टीम आहे ते नक्की विचारा. रात्री सुटणाऱ्या मुलींना घरापर्यंत गाडी आन सोबत गार्ड देतात. घरच्यांना ऑफिसचा पत्ता आन गाडीची व्यवस्था दाखवली की बराच फरक पडतो, आमच्या टीममधल्या परभणीच्या मुलीचे वडील स्वतः येऊन बघून गेले होते आन मग निर्धास्त झाले.

लंडनची_लातूरकरीण
बालाघाटी दादांशी बऱ्याच अंशी सहमत पण मास्टर्स म्हणजे पैसे पाण्यात असं कोणी समजू नये. मी लातूरला बारावी, पुण्यात पदवी, मग इथं एक वर्षाचं फायनान्सचं मास्टर्स केलं आणि नोकरी लागली. फक्त यातलं वेळापत्रक कोणी सांगत नाही म्हणून पोरं अडकतात, ते नीट समजून घ्या.

इथल्या मोठ्या बँकांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज उन्हाळ्याच्या शेवटाला, ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात आणि आले तसे बघत जातात, कित्येक जागा नोव्हेंबरपर्यंत भरलेल्याच असतात. आपलं मास्टर्स सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होतं. म्हणजे तुम्ही बॅगा उघडून, बँक खातं काढून, डाळ-तांदूळ कुठं मिळतो ते शोधून श्वास घेईपर्यंत मुख्य दार लागलेलं असतं. मी भारतात असतानाच जुलैत सीव्ही तयार केला, ऑनलाइन गणिताच्या चाचण्यांचा सराव केला, रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखतीची तयारी केली आणि पहिले अर्ज लातूरच्या घरातून टाकले. ज्यांना हे जमणार असेल त्यांनीच एक वर्षाच्या कोर्सचा विचार करावा.

दुसरं व्हिसाचं. डिग्रीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार. त्यानंतर स्किल्ड वर्करवर जायचं तर पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड, नुकतंच शिक्षण झालेल्या नवख्यांना सूट धरून ३३,४०० पासून, आणि तुमच्या हुद्द्याचा ठरलेला दर वेगळा बघावा लागतो. लंडनमधल्या बँकेच्या पगारात हे बसतं, छोट्या गावातल्या अकाउंट्सच्या नोकरीत बसेलच असं नाही. कन्सल्टंट लोकांना युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं, त्यामुळं हे आकडे आपणच सरकारी साइटवर वाचायचे.

उदगीर_एक्सप्रेस
ताई अमेरिका का नाय कोणी सांगत?

लंडनची_लातूरकरीण
अमेरिकेत डिग्रीनंतर एक वर्ष ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळतं. कोर्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) धरलेला असेल, म्हणजे फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, इकॉनोमेट्रिक्स असला, तर आणखी दोन वर्षं. साधं फायनान्स असेल तर बहुतेक वेळा एकच वर्ष. पुढं एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लॉटरीवर आहे, वर्षाला ८५,००० जागा साऱ्या जगाला मिळून, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. गणित पक्कं असलेल्या, कोडिंग येणाऱ्या पोरांनीच तिकडं बघावं असं माझं मत.

माईनकाठी_लातूरकर
मी फ्रँकफुर्टला. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सेमिस्टरचा छोटा खर्च, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (दरमहा ठरावीकच काढता येतात अशा खात्यात) दाखवावे लागतात आणि भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो. शिक्षणानंतर नोकरी शोधायला दीड वर्ष. युरोपियन सेंट्रल बँक इथंच आहे, रिस्क आणि रेग्युलेशनचं काम भरपूर. पण जर्मन बी-टू (बऱ्यापैकी बोलता-लिहिता येण्याची पातळी) पर्यंत आली नाही तर दारं कमी होतात, डिग्री इंग्रजीत झाली तरी. ज्याला इकडं यायचंय त्यानं आजपासून जर्मन सुरू करावी, पदवीची तीन वर्षं त्याला पुरतात.

निवृत्त_शाखाधिकारी_परभणी
कर्जाचं सांगतो म्हणालो होतो. आपल्या भागातल्या प्रत्येक घरात हा घोटाळा होतो म्हणून जरा लांब लिहितो.

वडिलांना वाटतं, जमीन आहे, सातबारा नावावर आहे, एकरी भाव चांगला आहे, बँक देईलच. पीककर्ज त्याच सातबाऱ्यावर मिळतं ना! पण शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर तोच सातबारा बहुतेक बँका बाजूला ठेवतात. कारण कायद्यात आहे. सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागूच नाही, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला इतर मालमत्तेसारखी ती कोर्टाबाहेर ताब्यात घेऊन विकता येत नाही. म्हणून मोठ्या कर्जाला बँक मागते बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर, मुदतठेव, एलआयसीची पॉलिसी. गावठाणातल्या घराचे कागद बऱ्याचदा अपुरे असतात, तेही चालत नाहीत. ज्यांच्याकडं एनए प्लॉट आहे त्यांनी टायटल सर्च आणि व्हॅल्युएशनला वेळ जातो हे धरून ऑफर लेटर यायच्या आधीच वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत.

बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखापर्यंत तारण मागत नाहीत, परदेशी शिक्षणाला पंधरा टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला आपला वाटा, लागतं. निवडक नामांकित विद्यापीठांना काही सरकारी बँका बिनतारणी मोठी रक्कमही देतात, यादी शाखेत मागा. खाजगी फायनान्स कंपन्या बिनतारणी पटकन देतात पण व्याज जास्त आणि त्यातल्या बऱ्याच शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला लावतात. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाहीत, हे मात्र बरं झालं.

आणि हे मी मनापासून सांगतो, पोराच्या पहिल्या नोकरीच्या आधी बापाचा प्लॉट गहाण पडू नये. आमच्या पिढीनं एक-एक गुंठा कसा घेतला ते आम्हाला ठाऊक.

औंढ्याची_लेक
काका शिष्यवृत्तीचं पण सांगा ना. आमच्या कॉलेजात नोटीस बोर्डावर कधी दिसत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी_परभणी
अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा, क्यूएस या जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो आणि फी, राहणं, विमानभाडं सगळं येतं. मराठा-कुणबी समाजाला सारथीची परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी. चेव्हनिंग ब्रिटन सरकारची, त्याला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे बालाघाटींच्या वाटेनं गेलेल्याला तीही खुली राहते. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमिलेयर यापैकी जे लागू असेल ते आधी काढून ठेवा. जातपडताळणीला किती दिवस लागतील याचा नेम नाही आणि ऑफर कोणासाठी थांबत नाही.

खुलताबाद_ते_दुबई
अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार सगळ्यांना. आखाताचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी खुलताबादचा, संभाजीनगरला सीए केलं, आठ वर्षं झाली दुबईत. इकडं २०१८ च्या जानेवारीत पाच टक्के व्हॅट आला आणि जून २०२३ पासून कॉर्पोरेट टॅक्स, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर नऊ टक्के. ज्या कंपन्यांनी कधी टॅक्सचं रिटर्न बघितलं नव्हतं त्यांना एकदम पुस्तकं नीट ठेवणारी माणसं लागली, त्यामुळं आपल्याकडचा जीएसटी हाताळलेला अकाउंटंट इथं कामाचा ठरतो. बँका आणि फंडांचं काम बहुतेक डीआयएफसी या दुबईच्या आर्थिक केंद्रात, ते २००४ सालापासून आहे, त्याचा कायदा आणि कोर्ट वेगळं, इंग्रजी पद्धतीचं.

सीए करायला आता आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीन ऐवजी दोन वर्षांची झाली. लातूर, नांदेड, संभाजीनगरला सीए इन्स्टिट्यूटच्या शाखा आहेत, पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही. इथं सीए म्हणलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. युरोपकडं जायचं असेल तर एसीसीए ही ब्रिटनची अकाउंटन्सीची परीक्षा, तेरा पेपर, बी.कॉम.वाल्यांना काही माफ होतात. इस्लामिक फायनान्समध्ये आवड असेल तर बहरीनच्या आओइफी या संस्थेचे कोर्स बघा, सुकूक (बिनव्याजी रोखे), मुराबहा (नफा जोडून विक्री) वगैरे, इकडच्या बँकांत त्याची वेगळी खातीच असतात आणि तिथं कुठल्याही धर्माची माणसं काम करतात.

मांजरा_काठ
एवढं लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार, मी वहीत उतरून काढायलोय. आता प्रश्न असा की या दीड वर्षात, अंबाजोगाईत बसून, मी नेमकं काय करू? सीएफए आता द्यावी का?

बालाघाटी
सीएफएची लेव्हल वन पदवी संपायच्या आधी २३ महिन्यांपर्यंत देता येते, म्हणजे तू आत्ताच पात्र आहेस. १८० प्रश्न, साडेचार तास, वर्षातून चार वेळा. पण फी लाखाच्या घरात जाते आन निम्म्याहून जास्त लोक नापास होतात, त्यामुळं आधी अभ्यास, मग फॉर्म. तीनशे तास बसायची तयारी असेल तरच. त्यांच्या स्कॉलरशिपा आहेत, फी बरीच कमी होते, तो अर्ज आधी टाक. कॅल्क्युलेटर दोनच चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस नाहीतर एचपीचा ट्वेल्व्ह सी, कोणा सिनियरचा जुना मिळतोय का बघ. रिस्कमध्ये जायचं असेल तर एफआरएम ही रिस्कची परीक्षा, दोनच भाग, पण ते नोकरी लागल्यावर केलं तरी चालतं.

त्याच्या आधी स्वस्तातलं घे. एनआयएसएमची (सेबीच्या शिक्षण संस्थेची) परीक्षा, सिरीज सेव्हन, सिक्युरिटीज ऑपरेशन्स आन रिस्क मॅनेजमेंट, पुस्तक फुकट डाउनलोड होतं आन मी वर ज्या ब्रेकबद्दल लिहिलं त्याचं व्याकरण सगळं त्यात आहे. व्हॅल्युएशनला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर अश्वथ दामोदरन यांची लेक्चरं आन एक्सेल शीट त्यांच्या साइटवर फुकट आहेत. फोरेज या साइटवर बँकांची नमुना कामं आहेत तीपण फुकट, ती करून सीव्हीत लिही. एक्सेल मात्र असं आलं पाहिजे की माउसला हात लागू नये.

इंग्रजीचं म्हणशील तर कोणत्यातरी एका परदेशी बँकेचा वार्षिक अहवाल घे, रोज दोन पानं वाच आन त्यातलं एक प्रकरण मोबाइलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड कर. क्लास लावू नको. तुला बोलायचंय ते याच विषयावर, तर सराव पण याच शब्दांचा झाला पाहिजे.

गोदाताई_नांदेड
उशिरा आले धाग्यावर. मी ट्रेड फायनान्सवाली, म्हणजे आयात-निर्यातीच्या पैशाचं काम, हैदराबादला एका परदेशी बँकेत, आणि मला वाटतं मराठवाड्याच्या पोरांसाठी सगळ्यात जवळचं दार हेच आहे आणि कोणी त्याचं नावच घेतलं नाही.

लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे द्यायची खरेदीदाराच्या बँकेची हमी, ते पुस्तकात एका पानात असतं. खरी गंमत कागदात. वाळूजच्या कारखान्यानं पार्ट जर्मनीला पाठवले, एलसी आली, स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावर एमटी ७०० म्हणून. त्यात लिहिलंय शिपमेंट अमुक तारखेच्या आत. कारखानावाल्यानं माल माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत वेळेत दिला, त्याला वाटलं झालं. पण एलसीला लागते ऑन बोर्ड तारीख, जहाजावर माल चढल्याची, आणि जहाज न्हावाशेव्याहून चार दिवसांनी निघालं. बिल ऑफ लॅडिंगवर (जहाज कंपनीच्या पावतीवर) उशिराची तारीख. बँक हा डिस्क्रिपन्सी (कागदातली तफावत) म्हणून परत पाठवते, आणि ग्राहकानं माफ करेपर्यंत पैसे अडकले. माल उत्तम, पार्ट उत्तम, एका तारखेपायी लाखोंची रक्कम लटकली. हे सगळं यूसीपी ६०० नावाच्या नियमांवर चालतं, १ जुलै २००७ पासून लागू, फक्त ३९ कलमं, आणि जगातल्या जवळपास प्रत्येक देशात तेच. बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस. म्हणजे तू हे संभाजीनगरला शिकलास तर सिंगापूरला, दुबईला, हॅम्बुर्गला तेच काम करतोस. पुढं सीडीसीएस नावाचं प्रमाणपत्र आहे, ट्रेड फायनान्सच्या जाहिरातींत त्याची मागणी असते. सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पास लागतो, फायनान्स क्षेत्राला पगाराची अट ६,२०० सिंगापूर डॉलरपासून आणि वय वाढेल तशी वाढते, त्यामुळं तिकडं अनुभव घेऊनच जावं. आपल्या देशातच गांधीनगरला गिफ्ट सिटी हे आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र आहे, तिथल्या बँक युनिट डॉलरमध्ये व्यवहार करतात, तीपण एक पायरी धरा.

आणि बी.कॉम.च्या पोरानं सुट्टीत एखाद्या निर्यातदाराच्या अकाउंट्स खात्यात बसून हे कागद हातानं लावले, तर मुलाखतीत त्याच्यासमोर एमबीएवाला टिकत नाही. मी मुलाखती घेते म्हणून सांगते.

चिकलठाणा_एमआयडीसी
गोदाताईंनी आमच्याच ऑफिसात बसून लिहिल्यासारखं लिहिलंय. मी एका निर्यातदार कारखान्यात अकाउंट्स बघतो. दर महिन्याला एलसीचे चार-पाच सेट बँकेत जातात आणि माझ्याकडं ते वाचणारं दुसरं माणूस नाही. मांजरा_काठ, परीक्षा झाल्यावर महिना-दोन महिने यायची तयारी असेल तर बोलू. स्टायपेंड थोडा देता येईल, राहायची सोय कारखान्याच्या पोरांच्या खोलीत होईल.

मांजरा_काठ
सर खरंच? मी नक्की येतो. आत्ताच वडिलांना सांगितलं, ते म्हणले आडतीवरच्या पावत्या लावतोस तसंच काम दिसायलंय. परीक्षा एप्रिलच्या शेवटाला संपते. येताना काय वाचून येऊ?

चिकलठाणा_एमआयडीसी
मेच्या पहिल्या सोमवारी ये. यूसीपीची ३९ कलमं एकदा वाचून ये, नाही कळली तरी चालेल. त्यातलं कलम १४, १८ आणि २० दोनदा वाच, पहिल्या दिवशी तुझ्यापुढं एक जुना सेट ठेवणार आहे, त्यातल्या चुका तू मला काढून दाखवायच्या. आणि पॅन कार्ड, आधार, कॉलेजचं बोनाफाईड घेऊन ये. पासपोर्ट काढला नसेल तर अर्ज आताच टाक, पोलीस व्हेरिफिकेशनला तुझ्या गावच्या पत्त्यावर येतील तेव्हा तू घरी पाहिजेस.

औंढ्याची_लेक
सर, दोन जणांची जागा आहे का?

चिकलठाणा_एमआयडीसी
आहे. मुलींच्या राहण्याचं आमच्या एचआरच्या मॅडमशी बोलून उद्या इथंच लिहितो, तोवर तुमच्या घरी विचारून ठेवा.